यवतेश्वरच्या ओल्या उतारावर कोणता ब्रेक?

वाचकाचे पत्र, थोडक्यात

साताऱ्याहून एका भगिनींनी लिहिले आहे. वय ४४, बँकेत नोकरी, वजन ५८ किलो. २०१९ मध्ये स्वतःच्या बचतीतून त्यांनी ॲल्युमिनियम फ्रेमची, रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेवर पॅड घासणारे) असलेली रोड सायकल घेतली. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा तरी त्या यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याला जातात. मागच्या जुलैमध्ये भर पावसात घाट उतरताना एका वळणाआधी त्यांनी ब्रेक दाबले. त्यांच्याच शब्दांत, “दोन सेकंद काहीच झाले नाही आणि मग एकदम मागचे चाक सरकले.” कडेच्या चिखलात पडल्याने कोपर खरचटण्यावर निभावले; मात्र तेव्हापासून रस्ता ओला असला की त्या सायकल हातात धरून घाट उतरतात. ग्रुपमधल्या सगळ्यांकडे आता डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्यावरच्या तबकडीवर लागणारे) आहेत आणि “रिम ब्रेक म्हणजे जिवाशी खेळ” असे त्यांना वारंवार ऐकवले जाते. मुलाने जुन्याच सायकलीला डिस्क बसवण्याचे एक किट शोधून काढले आहे. यजमान म्हणतात, नवीनच घे. सव्वा लाखाची मुदत ठेव पुढच्या महिन्यात सुटते आहे. ऑगस्टमध्ये २०० किलोमीटरची पहिली ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायची आहे. त्या विचारतात: किट बसवावे, नवी घ्यावी की आहे तीच चालवावी? जुनी विकून टाकावी का? आणि डिस्क बिघडली तर साताऱ्यात ती नीट कोण करून देणार?

उत्तर

नमस्कार.

तुम्ही एका वाक्यात सांगितलेल्या या पडण्यात खरे तर दोन घटना आहेत, आणि पैसे खर्च करण्याआधी त्या सुट्या करून पाहायला हव्यात. पहिल्या दोन सेकंदांत ब्रेकने काम केले नाही. त्यानंतर त्याने काम केले, आणि इतके केले की मागचे चाक फिरायचे थांबले आणि रस्त्यावरून घसरले. पहिल्या घटनेचा दोष बऱ्याच अंशी रिम ब्रेकच्या जातीकडे जातो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. दुसरीचा मात्र तसा जात नाही. त्या क्षणी सायकलीला डिस्क असती तर तेच चाक कदाचित थोडे आधीच घसरले असते.

आधी ते दोन सेकंद घेऊ. रिम ब्रेकचे पॅड चाकाच्या अगदी बाहेरच्या कडेला, टायरच्या लगत, धातूवर घासतात. ही कड रस्त्यावरच्या पाण्यापासून टायरच्या उंचीइतकीच दूर असते आणि प्रत्येक फेऱ्यात नव्याने भिजते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १० मीटर, तुम्ही उतरत असाल तर सुमारे २.१ मीटर घेराचे ते चाक सेकंदाला जवळजवळ पाच फेरे घेते. पॅडला आधी त्या कडेवरचा पाण्याचा थर पुसून काढावा लागतो आणि मगच धातूची पकड मिळते. हे पुसणे दोन सेकंद चालले तर सायकल २० मीटर पुढे गेलेली असते, आणि घाटातल्या वळणाआधी २० मीटर म्हणजे फार झाले. डिस्कची तबकडी चाकाच्या मध्यावर, पाण्यापासून बरीच उंच असते. तिला भोके असतात आणि पॅड तिच्यावर कितीतरी अधिक जोराने दाबले जातात, त्यामुळे पाणी पुसले जाण्यात फार थोडा वेळ जातो. ओल्या रस्त्यावर डिस्कचे मोठेपण आहे ते येथे, आणि ते खरे आहे.

माझ्या पिढीने याहून वाईट दिवस काढले आहेत. घरातल्या काळ्या सायकलीला गजाचे ब्रेक असत. लिव्हर ओढला की लोखंडी गजांची जुळणी रबराचे गट्टे रिमच्या आतल्या बाजूला वर खेचून धरी. रिम क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी, आणि ओल्या पोलादावर रबर जवळजवळ धरतच नाही. पावसाळ्यात शाळेच्या उतारावर आम्ही दोन्ही चपला रस्त्याला घासत थांबायचो आणि घरी चपलेच्या टाचेबद्दल बोलणी खायचो. तुमची ॲल्युमिनियमची रिम त्या मानाने पावसात कितीतरी बरी आहे, पण कोरड्या रस्त्यावरच्या तिच्या गुणांनी पावसाळ्यात फसू नये.

आता दुसरी घटना. सायकल ब्रेकने थांबते असे आपण म्हणतो, पण रस्त्याला धरून ठेवतो तो टायर. ब्रेक चाकाला थांबवतो आणि टायर सायकलीला. कोरड्या डांबरावर चांगल्या स्थितीतला रिम ब्रेक आणि चांगला डिस्क ब्रेक या दोघांतही चाक पूर्ण थांबवण्याइतकी ताकद असते. त्यापुढची मर्यादा टायरच्या पकडीची असते, किंवा सायकल पुढे उलटण्याची असते. तुमचे मागचेच चाक सरकले, यावरून माझा एक अंदाज आहे आणि तो चुकीचा असल्यास जरूर कळवा: तुम्ही मागचा ब्रेक करकचून आणि पुढचा जेमतेम दाबला असणार. आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच बजावलेले असते की पुढचा ब्रेक दाबलास तर तोंडावर आपटशील. या एका वाक्याने माणसे पुढच्या ब्रेकला आयुष्यभर बिचकून राहतात. प्रत्यक्षात ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर सरकतो, उतारावर तर तो आधीच पुढे झुकलेला असतो, आणि मागचे चाक हलके झाल्यामुळे जरा जास्त दाबताच घसरते. थांबवण्याचे बहुतेक काम पुढच्याच चाकाने करायचे असते. तोंडावर आपटण्याची वेळ येते ती पुढचा ब्रेक हिसका देऊन दाबल्याने आणि अंग मागे न घेतल्याने.

आपल्या रस्त्यांवरच्या सायकलींना सहसा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, मोटारसायकलीसारखाच. परदेशी बनावटीच्या काही सायकलींमध्ये तो डाव्या हाताला जोडलेला असतो. तुमच्या सायकलीला तो कोणत्या हाताला आहे हे उभ्याने, चाक उचलून, एकदा पाहा. तीन वर्षे सायकल चालवून झाल्यावर आपण भलत्याच हाताला पुढचा ब्रेक समजत होतो, असे कबूल केलेले एक गृहस्थ मला माहीत आहेत.

तुमच्या पत्रात आणखी एक धागा आहे, जो तुम्ही जाता जाता लिहिला आहे: लांब उतारावर बोटे दुखतात आणि लिव्हर पुरेसा ओढला जात नाही. मला वाटते, तुमच्या बाबतीत या बोटांकडे डिस्क-रिमच्या वादाच्या आधी पाहायला हवे. रोड सायकलींचे लिव्हर बहुतेक वेळा मोठ्या पंजाच्या मापाने लावलेले येतात. त्यांत बहुधा एक छोटा स्क्रू किंवा रबरी पाचर घालण्याची सोय असते, जिने लिव्हर हँडलच्या जवळ आणता येतो. कोणत्याही चांगल्या मेकॅनिकला ते दहा मिनिटांचे काम आहे. मात्र लिव्हर जवळ आणल्यावर तारेचा ताण पुन्हा जुळवून घ्यायला सांगा, नाहीतर लिव्हर हँडलला टेकेल आणि ब्रेक लागायचा राहील. दुसरे म्हणजे, उतारावर हात वरच्या हूडवर, म्हणजे लिव्हरच्या वरच्या रबरी मुठीवर, न ठेवता हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावर, ड्रॉपवर, ठेवा. तेथून बोटे लिव्हरच्या टोकाला पडतात, तरफेचा दांडा लांब होतो आणि कमी जोरात तेवढाच ब्रेक लागतो. खाली वाकल्यावर तोल जाईल अशी भीती सुरुवातीला वाटते, पण शरीराचा भार खाली येत असल्यामुळे सायकल उलट जास्त स्थिर होते.

हे झाले तुमच्या हातांचे. आता सायकल एकदा उजेडात उलटी ठेवून तपासू.

पॅड काढून त्यांच्या घासणाऱ्या बाजूकडे नीट पाहा. कासच्या पठारावरची जांभ्याची लाल माती, घाटातली बारीक खडी आणि रिमचाच उडालेला ॲल्युमिनियमचा कीस पॅडमध्ये रुतून बसलेला दिसेल. चांदीसारखे चमकणारे ठिपके म्हणजे तोच. असे पॅड ब्रेक कमी आणि कानस जास्त होतात. सुईने किंवा टाचणीने हे कण टोकरून काढा, पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. पॅड २०१९ चेच असतील तर ते टाकूनच द्या, कारण रबर वर्षांनी कडक होते. पावसासाठी वेगळ्या मिश्रणाचे, बहुधा लालसर-गुलाबी रंगाचे पॅड मिळतात, ओल्या रिमवर ते लवकर धरतात. पुढच्या-मागच्या चाकांचे मिळून दोन जोड एका चांगल्या टायरपेक्षा स्वस्त पडतात. पॅड बसवताना तो टायरला शिवता कामा नये आणि रिमच्या खालीही लोंबता कामा नये. पॅडचे पुढचे टोक रिमला अगदी किंचित आधी टेकेल असे ठेवले तर चिरका आवाजही कमी होतो.

मग रिम. ब्रेकच्या पट्ट्यावर बऱ्याच रिमांना एक बारीक खाच किंवा खळगा कोरलेला असतो. तो बुजल्यासारखा, दिसेनासा झाला असेल तर रिम झिजून संपली, असे समजावे. खूण नसेल तर पोलादी पट्टी उभी धरून पाहा. पट्टी आणि रिम यांच्यामध्ये फट दिसली, म्हणजे रिमची भिंत आत वाकलेली असली, तर ती चालवू नका. पातळ झालेली भिंत टायरच्या हवेच्या दाबाने फाटते आणि ती बहुधा उतारावरच फाटते. रिम ब्रेकचे हे खरे दुखणे आहे: येथे चाकच झिजवून ब्रेक लावायचा असतो, आणि साताऱ्यातल्या पावसात ते भराभर झिजते. चाक आउट असेल तर आउटही काढून घ्या. वाकड्या रिमसाठी पॅड लांब ठेवावे लागतात आणि मग लिव्हर अर्धा ओढेपर्यंत काहीच होत नाही.

तारा आणि त्यांची बाहेरची नळी दोन्ही बदला. पावसाळ्यात नळीत पाणी शिरते, आतली तार गंजते, आणि तुम्ही लावलेल्या जोरातला काही भाग पॅडपर्यंत पोहोचतच नाही. “बोटे दुखतात” याचे निम्मे कारण येथे सापडले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

राहता राहिला टायर, ज्यावर खरे म्हणजे सगळे अवलंबून आहे. तुमच्याकडे २५ मिलिमीटरचे टायर आहेत आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून तुम्ही ११० पीएसआय हवा भरता, असे लिहिले आहे. ५८ किलो वजनाला हे फारच कडक आहे. ओल्या रस्त्यावर असा टायर खड्ड्यांवरून उड्या मारत जातो आणि उडीत असलेल्या टायरला पकड नसते. टायरच्या कडेला छापलेल्या किमान-कमाल मर्यादेत राहून ८० च्या आसपास, पुढे थोडे त्याहून कमी, भरून पाहा. तुमच्या ब्रेकच्या कमानीत २८ चा टायर मावत असेल तर पुढचा टायर बदलताना तोच घ्या. मावतो की नाही हे मेकॅनिककडून प्रत्यक्ष बसवून पाहा; रिम ब्रेकच्या बऱ्याच सायकलींत २८ ही शेवटची हद्द असते.

मुलाने शोधलेले किट मात्र बसवू नका. त्याच्या काळजीचे मला कौतुक वाटते, पण यात मधला मार्ग नाही. डिस्क ब्रेकचा सगळा झटका चिमट्याच्या (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या) डाव्या पायावर, खालच्या टोकाला येतो. रिम ब्रेकसाठी बनवलेला पुढचा चिमटा, विशेषतः कार्बनचा, तेथे हा ताण सोसण्यासाठी बनवलेलाच नसतो. मागच्या बाजूला तुमच्या फ्रेमच्या टोकांमधले अंतर १३० मिलिमीटर आहे. आजच्या डिस्क रोड सायकलींत ते १४२ असते आणि चाक आरपार जाणाऱ्या जाड आसाने कसलेले असते. हब वेगळा, आऱ्यांची विणी वेगळी, लिव्हर वेगळे. कसल्या तरी पट्ट्यांनी आवळून बसवलेला कॅलिपर (पॅड दाबणारी यंत्रणा) घेऊन घाट उतरणाऱ्या माणसापुढे, झिजलेल्या रिमवर उतरणारा माणूस मला जास्त शहाणा वाटेल.

आता “सगळ्यांकडे डिस्क आहे” या वाक्याकडे वळू. ते खरे आहे आणि पुढे अधिकच खरे होत जाणार आहे, पण सगळ्यांनी ती घेतली याचे कारण नेहमी “रिम ब्रेक धोक्याचा” हेच नव्हते. व्यावसायिक शर्यतींमध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०१५ मध्ये डिस्कची चाचणी सुरू केली. एप्रिल २०१६ मध्ये पॅरिस–रूबे शर्यतीनंतर स्पेनचा स्वार फ्रान्सिस्को व्हेंतोसो याने आपला पाय डिस्कच्या तबकडीने कापला असे म्हटले, तेव्हा चाचणी थांबवली गेली. पुढे ती पुन्हा सुरू झाली आणि १ जुलै २०१८ पासून डिस्कला पूर्ण परवानगी मिळाली. म्हणजे काही वर्षांपूर्वीपर्यंत धोक्याचा आरोप डिस्कवर होत होता! परवानगीनंतरही २०२० मध्ये तादेय पोगाचार याने तूर द फ्रान्स जिंकली तेव्हा डोंगरातल्या टप्प्यांवर त्याच्या सायकलीला रिम ब्रेक होते, कारण ते हलके होते. त्यानंतर बाजार फिरला. सायकलीचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या १०५ या लोकप्रिय मालिकेच्या १२ गिअरच्या पिढीत रिम ब्रेकची आवृत्तीच निघाली नाही. तेव्हा तुमच्या ग्रुपमधल्या ज्यांनी गेल्या तीन-चार वर्षांत नवी सायकल घेतली, त्यांनी डिस्क पसंत केली असे म्हणण्यापेक्षा दुकानात दुसरे फारसे काही नव्हतेच, असे म्हणणे जास्त बरोबर होईल.

तरीही तुम्ही साताऱ्यात राहता. जून ते सप्टेंबर हे चार महिने तुमच्या रस्त्यावर पाऊस असतो, आणि कासची फुले नेमकी त्याच दिवसांत असतात, म्हणजे उतारावर मोटारींची गर्दीही त्याच दिवसांत. या चार महिन्यांत तुम्हाला मनापासून घाट उतरायचा असेल तर हायड्रॉलिक डिस्क, म्हणजे तारेऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारी, हा तुमच्यासाठी चैनीचा खर्च नाही. लिव्हर दोन बोटांनी ओढता येतो, तारेचे घर्षण नसते, पॅड झिजले तरी द्रव आपोआप तूट भरून काढतो, रिम झिजत नाही, आणि २८-३२ चे टायर सहज मावतात. हा शेवटचा मुद्दा जाहिरातींत खालच्या ओळीत असतो. माझ्या मते ओल्या घाटात त्याचे मोल ब्रेकइतकेच आहे.

एक सावधगिरी मात्र घ्या. सव्वा लाखाच्या आसपासच्या अनेक सायकलींवर “डिस्क” असे मोठ्या अक्षरांत असते आणि आत साधी तार असते. शिमानोच्या क्लॅरिस आणि सोरा या मालिकांच्या रोड लिव्हरमध्ये हायड्रॉलिकची सोय नाही. टियाग्रा आणि १०५ मध्ये आहे; टियाग्रा आणि ११ गिअरच्या १०५ साठी लहान हातांचे वेगळे हायड्रॉलिक लिव्हरही निघाले होते, ते मिळतात का, हे आवर्जून विचारा. तारेवर चालणाऱ्या स्वस्त डिस्कमध्ये बऱ्याचदा एकाच बाजूचा पॅड हलतो, तो तबकडीला वाकवून दुसऱ्या पॅडवर टेकवतो, आणि पॅड झिजतील तसतशी ती फट हाताने जुळवत राहावी लागते. अशा डिस्कपेक्षा नव्या तारा आणि नवे पॅड घातलेला तुमचा आजचा रिम ब्रेक मी कोरड्या घाटात केव्हाही पत्करेन. हायड्रॉलिकसाठी पैसे कमी पडत असतील तर सहा महिने थांबणे बरे.

दुरुस्तीबद्दलचा तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. त्यातली सगळ्यात मोठी चूक बिचारा मेकॅनिक चांगल्या हेतूनेच करतो. शिमानोच्या ब्रेकमध्ये खनिज तेल असते. स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या रोड ब्रेकमध्ये प्रामुख्याने डॉट नावाचा द्रव. आपल्या मोटारसायकलींच्या डिस्कमध्येही डॉटच असतो, त्यामुळे तो कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये हमखास मिळतो. खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये तो ओतला की आतली रबरी सीले खराब होतात आणि पूर्ण ब्रेक बदलावा लागतो. आपल्या ब्रेकला कोणते तेल लागते हे लिहून ती चिठ्ठी सायकलीच्या पिशवीत ठेवा. आतली हवा काढण्याचे, म्हणजे ब्लीडिंगचे काम सहसा वर्षाकाठी एकदा लागते आणि त्यासाठी पुण्याला जाण्याचीही तयारी ठेवता येईल. रोजची पथ्ये निराळी आहेत: साखळीवर तेल मारताना फवाऱ्याचा कण तबकडीवर उडता कामा नये, कारण तेल प्यायलेले पॅड पुन्हा नीट धरत नाहीत आणि किंचाळत राहतात. चाक काढलेले असताना लिव्हर दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटून बसतात. सायकल लक्झरीच्या डिकीत टाकताना पॅडच्या मधल्या फटीत प्लास्टिकची पट्टी घाला. घाट उतरल्यावर तबकडीला बोट लावू नका, ती पोळते. पावसाच्या चिखलात डिस्कचे रेझीन पॅडही भराभर उडतात, तेव्हा एक जोड जवळ बाळगा. नव्या पॅडना पहिल्या दिवशी सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस वेळा, चाक न घसरू देता, हळूहळू ब्रेक लावून तबकडीवर बसवून घ्यावे लागते. दुकानातून थेट घाटात जाऊ नका.

तुमच्याच प्रश्नावर माझे मत द्यायचे तर: पुढच्या महिन्यात ठेव सुटली तरी ती लगेच सायकलीत घालू नका. पॅड, तारा, हवा, लिव्हरचे अंतर एवढे करून घ्या आणि एमआयडीसीतल्या एखाद्या रिकाम्या सरळ रस्त्यावर रविवारी सकाळी तासभर द्या. ताशी १५ च्या वेगापासून सुरुवात करून, अंग मागे घेऊन, पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत थांबण्याचा सराव करा. मग तोच बाटलीने रिमवर पाणी ओतून करा. पाणी पुसले जाईपर्यंतचा तो रिकामा क्षण बोटांना ओळखीचा झाला पाहिजे. घाटात वळण येण्याच्या बरेच आधी दोन्ही ब्रेक हलके टेकवून, सोडून, पुन्हा टेकवून रिम पुसून ठेवायची. वेग सरळ भागातच कमी करायचा आणि वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. आधी कोरड्या यवतेश्वरवर, मग हलक्या सरीत. तरीही पाऊस जोराचा असेल तर सायकल हातात धरून उतरण्यात मी कधीच कमीपणा मानणार नाही.

ब्रेव्हेबाबत ग्रुपच्या वेगाचे दडपण घेऊ नका. २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटे मिळतात, म्हणजे ताशी १५ हूनही कमी सरासरी. उतारावर तुम्ही गमावलेली पाच मिनिटे चहाच्या टपरीवर सहज भरून निघतात. ऑगस्टची ही ब्रेव्हे आहे त्याच सायकलीवर, नव्या पॅडसह, करता येईल, आणि ती झाल्यावर तुम्हाला कळेल की भीती ब्रेकची होती, हाताची होती की पावसाचीच होती. पावसाची असेल, आणि तरीही पावसात जावेसे वाटत असेल, तर दिवाळीच्या सुमारास हायड्रॉलिक डिस्कची सायकल जरूर घ्या. यजमान स्वतःच “नवीनच घे” म्हणत असताना तुम्हाला अपराधीपणा वाटत असेल, तर तो तुम्ही आठवड्यातून तीनदा वापरणार असलेल्या वस्तूसाठी अनाठायी आहे.

तुमच्यासारखाच प्रश्न पडलेल्या इतरांसाठी चार शब्द. नागपूर-अकोल्याच्या सपाट, बहुतांश कोरड्या रस्त्यांवर चालवणाऱ्यांनी चांगली रिम ब्रेकची सायकल केवळ फॅशन म्हणून बदलू नये. ज्यांचे वजन ९० किलोच्या पुढे आहे आणि जे पसरणी किंवा आंबेनळी घाट सामानासह उतरतात, त्यांनी डिस्ककडे जरा लवकर वळावे. ८० किलोंचा भार ३०० मीटर खाली आणताना सुमारे २ लाख ३५ हजार ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते, आणि वाऱ्याने खाल्लेला भाग सोडला तर उरलेली ब्रेकच्या उष्णतेत जाते; एवढ्या उष्णतेत पाऊण लिटर पाण्याला उकळी फुटेल. हीच उष्णता कार्बनच्या रिमवर रिम ब्रेक लावणाऱ्यांना महागात पडते, कारण सतत दाबून धरलेल्या ब्रेकने रिममधले रेझीन मऊ होऊन कड फुगू शकते. कार्बन रिम वापरायचीच असेल तर तिच्यासाठीचेच पॅड लावा आणि ब्रेक धरून न ठेवता दाबून-सोडून वापरा. कोकणात राहणाऱ्यांनी, ब्रेक कोणताही असो, खाऱ्या हवेत तारा आणि स्क्रू दरवर्षी तपासावेत.

आता राहिला विकण्याचा प्रश्न. विकू नका. बाजार डिस्ककडे गेल्यामुळे तुमच्या सायकलीला आज जी किंमत येईल ती ऐकून वाईट वाटेल, आणि तेवढ्या पैशांत नवीतला फरकही भरून निघणार नाही. नवी आलीच तर जुनीला ऑक्टोबर ते मेसाठी ठेवा; ती हलकी आहे, तुमच्या मापाची आहे आणि चढावर तुम्हाला ती नव्या सायकलीपेक्षा जास्त आवडण्याची शक्यता आहे. फक्त त्याआधी ती पोलादी पट्टी रिमवर धरून फट दिसते का, हे आजच पाहा; दिसली तर पॅड, सराव, ब्रेव्हे हे सगळे नंतर, आधी चाके बदला.